‘हॉर्लिक्स’ आहे, ‘लक्स’ नाही: वार्षिक अहवालातल्या अमूर्त मालमत्तेच्या टिपेचं परीक्षण

कंपनीचा ताळेबंद एका पानात मावतो. त्यामागून येणाऱ्या टिपांची पानं मात्र शंभरच्या घरात जातात, आणि त्यांतच ‘गुडविल आणि इतर अमूर्त मालमत्ता’ या मथळ्याची एक-दोन पानांची टीप असते. गुडविल म्हणजे धंदा विकत घेताना त्यातल्या ओळखता येणाऱ्या निव्वळ मालमत्तेच्या मोलाहून जास्त मोजलेली रक्कम. ब्रँड, पेटंट, सॉफ्टवेअर, परवाने, टोलचे हक्क, औषधांचे फॉर्म्युले, म्हणजे हात लावता येत नाही पण पैसा मिळवून देते अशी सगळी मालमत्ता इथे नोंदलेली असते. टीप फुकट मिळते. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात किंवा बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळावर अहवालाची पीडीएफ उघडायची आणि ‘इन्टॅन्जिबल’ हा शब्द शोधायचा. या टिपेकडे एक वस्तू म्हणून पाहिलं, तर घेणाऱ्याला तिच्यातून नेमकं काय मिळतं, ते इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगतो. कंपनीने जे विकत घेतलं त्याचा हिशेब ही टीप चोख देते. जे स्वतः उभारलं त्याबद्दल ती जवळजवळ काहीच बोलत नाही. आजच्या कंपन्यांची खरी ताकद बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात असते, म्हणून ही उणीव किरकोळ नाही.

हिंदुस्थान युनिलिव्हरचं उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२० रोजी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर ही कंपनी तिच्यात विलीन झाली. ग्लॅक्सोच्या एका शेअरमागे युनिलिव्हरचे ४.३९ शेअर दिले गेले. हॉर्लिक्सचे भारतातले ब्रँडहक्क मूळ मालकाकडे होते, ते वेगळे ३,०४५ कोटी रुपये मोजून घेतले. परिणामी ताळेबंदात १७,३१६ कोटींचं गुडविल आलं आणि हॉर्लिक्स, बूस्ट अशा ब्रँडांमुळे इतर अमूर्त मालमत्ता २७ हजार कोटींच्या पुढे गेली. त्याच कंपनीचे लक्स, लाइफबॉय आणि सर्फ हे ब्रँड कित्येक दशकं घराघरांत आहेत. ते या टिपेत सापडत नाहीत. चूक कंपनीची नाही. इंड एएस ३८ हे अमूर्त मालमत्तेच्या नोंदीचं भारतीय लेखामानकच सांगतं की स्वतः तयार केलेले ब्रँड, वृत्तपत्राचं शीर्षक, ग्राहकांच्या याद्या ताळेबंदात घ्यायच्या नाहीत. मानकाची बाजू अशी की ब्रँड उभारायला किती खर्च झाला आणि धंदा चालवायला किती, हे वेगळं काढता येत नाही. जाहिरातीचा खर्च तर त्याच वर्षी खर्ची टाकायचा, चर्चाच नाही.

याचा परिणाम गुणोत्तरांवर कसा होतो बघा. विलीनीकरणाआधी, मार्च २०२० अखेर, युनिलिव्हरचा एकल (उपकंपन्या न धरता) नफा ६,७३८ कोटी होता आणि भागधारकांचा निधी सुमारे ८ हजार कोटी. म्हणजे निधीवरचा परतावा ८० टक्क्यांच्या वर. वर्षभराने नफा वाढून ७,९५४ कोटी झाला, पण निधी ४७ हजार कोटींच्या पलीकडे गेल्यामुळे परतावा १७ टक्क्यांच्या आसपास आला. साबण तोच, दुकानं तीच, नफा वाढलेला, आणि गुणोत्तर मात्र कोसळलं. पहिल्या वर्षी लक्स-सर्फची किंमत शून्य धरली होती म्हणून ८० टक्के दिसत होते, दुसऱ्या वर्षी हॉर्लिक्सची बाजारभावाने धरली. दोन्ही आकडे नियमानुसारच आहेत, पण ते एकमेकांशेजारी ठेवून धंदा बिघडला असं म्हणणारा वाचक फसतो.

इथे आणखी एक बारकावा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सौदा जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत ३१,७०० कोटी सांगितली होती. नोंद करताना मात्र इंड एएस १०३ या खरेदी-विलीनीकरणाच्या मानकानुसार ताबा मिळाला त्या दिवसाचा शेअरचा भाव धरावा लागतो. मधल्या काळात युनिलिव्हरचा शेअर वर गेला आणि मोबदला ४० हजार कोटींच्या वर नोंदवला गेला. विकत घेतलेला धंदा तोच, देऊ केलेले शेअर तेवढेच, आणि ताळेबंदातली रक्कम हजारो कोटींनी फुगली. आपण ज्याला पक्का आकडा समजतो, त्यात शेअर बाजाराच्या एका दिवसाचा भाव मिसळलेला असतो. गुडविलचा आकडा वाचताना हे विसरू नये.

आता टीप वाचायची कशी. मुख्य तक्त्यात आडव्या ओळींत वर्षारंभीची रक्कम, वर्षातली भर, वजावट, अमॉर्टायझेशन (मालमत्तेची किंमत तिच्या आयुष्यावर वाटून दरवर्षी थोडी खर्ची टाकणं) आणि वर्षाअखेरची शिल्लक असते. बहुतेक जण शेवटची ओळ पाहून पान उलटतात. कामाची ओळ ‘भर’ ही आहे, कारण तिच्यात विकत घेतलेली आणि घरी विकसित केलेली मालमत्ता वेगळी दाखवावी लागते. घरी विकसित केलेल्या रकमेशेजारी संशोधन-विकासाचा नफा-तोटा पत्रकात टाकलेला खर्च लिहा. इंड एएस ३८ नुसार तो आकडाही जाहीर करावाच लागतो. या दोहोंच्या बेरजेपैकी किती टक्के ताळेबंदात गेले, हे प्रमाण पाच वर्षांचं काढा. प्रमाण हळूहळू चढत असेल आणि नवीन उत्पादनं तेवढ्या प्रमाणात येत नसतील, तर नफा कुठून येतो आहे ते कळतं.

आकड्यात मांडू. समजा एका सॉफ्टवेअर कंपनीने वर्षात १०० कोटी विकासावर घातले. सगळे खर्ची टाकले तर नफ्यातून १०० कोटी जातात. त्यातले ६० कोटी मालमत्ता म्हणून धरले आणि आयुष्य पाच वर्षं ठरवलं, तर पहिल्या पूर्ण वर्षी ४० अधिक १२ असे ५२ कोटीच वजा होतात. नफा ४८ कोटींनी जास्त दिसतो, तिजोरीतून मात्र तेवढेच १०० कोटी गेलेले असतात. वर ते ६० कोटी रोख प्रवाहाच्या पत्रकात गुंतवणुकीच्या भागात सरकतात, म्हणून धंद्यातून आलेली रोखही जास्त दिसते. ‘आमचा नफा रोखीत उतरतो’ असं सांगणाऱ्या कंपनीच्या बाबतीत ही रक्कम परत वजा करूनच खात्री करावी.

हे ६० कोटी धरायचे की नाही, याला मानकाने सहा अटी घातल्या आहेत. काम तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होऊ शकेल. ते पूर्ण करून वापरायचा किंवा विकायचा इरादा आहे. तसं करण्याची क्षमता आहे. त्यातून फायदा कसा मिळेल ते दाखवता येतं. लागणारा पैसा आणि माणसं हाताशी आहेत. आणि खर्च नेमका मोजता येतो. सहाही एकाच वेळी पूर्ण झाल्या त्या तारखेपासून पुढचाच खर्च धरायचा. आधीचा खर्ची पडला तो पडला, नंतर मागे जाऊन उचलता येत नाही.

प्रत्यक्षात घोळ होतो तो शेवटच्या अटीवर. अभियंत्यांच्या टाइमशीट नसतात किंवा वर्षअखेरीस अंदाजाने भरलेल्या असतात. मग विभागाच्या एकूण पगाराचा ठोकळ टक्का लावला जातो. प्रशिक्षण, विक्री विभागाचा खर्च, कार्यालयाचं भाडं हे यात धरायला परवानगी नाही, तरी टक्क्याच्या आडून ते आत शिरतं. दुसरा नेहमीचा घोळ भाड्याच्या क्लाउड सॉफ्टवेअरचा. सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या सर्व्हरवर चालतं, कंपनीकडे ते वापरण्याचा हक्क असतो, ताबा नसतो. ते आपल्या कामाला जुळवून घेण्यावर झालेला खर्च बहुतेक वेळा मालमत्ता ठरत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. लेखा विभागाने तरीही तो धरलेला असेल, तर ऑडिटरने विचारायचा पहिला प्रश्न असा असावा: उद्या करार संपला तर यातलं काय तुमच्याकडे उरेल?

टिपेतला सर्वांत उपयोगी भाग तुलनेने नवा आहे. ‘विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता’ किती जुनी आहे, याचा तक्ता २०२१-२२ पासून कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ नुसार द्यावा लागतो. एका वर्षाच्या आतली, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जुनी असे चार रकाने, आणि चालू प्रकल्प व तात्पुरते थांबलेले प्रकल्प अशा दोन ओळी. मुदत उलटून गेलेल्या किंवा मूळ अंदाजापेक्षा खर्च वाढलेल्या प्रकल्पांचं वेळापत्रक वेगळं. तीन वर्षांच्या रकान्यात मोठी रक्कम बसून असेल, तर त्या प्रकल्पाचं नाव अहवालात इतरत्र, संचालकांच्या निवेदनात किंवा उत्पादनांच्या वर्णनात, शोधावं. कुठेही सापडलं नाही, तर ती रक्कम बुडीत खात्याच्या वाटेवर आहे असं धरून चालावं. त्याच वर्षापासून कॅरो २०२० (ऑडिटरने अहवालात काय सांगायचं याचा सरकारी आदेश) अन्वये ऑडिटरलाही सांगावं लागतं की अमूर्त मालमत्तेच्या संपूर्ण तपशिलाच्या नोंदी कंपनी नीट ठेवते का. हे दोन बदल आमच्या मते गेल्या दहा वर्षांतले या विषयावरचे सर्वांत चांगले बदल आहेत. ते आले ते साध्या तक्त्याच्या रूपात, मोठ्या सिद्धांताच्या नाही.

विकत घेतलेल्या मालमत्तेत सर्वांत स्वच्छ नोंद पाहायची असेल तर टोलची पाहावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग यांवर टोल गोळा करण्याचा हक्क २०२० मध्ये आयआरबी समूहाला १० वर्षं २ महिन्यांसाठी मिळाला, एकूण ८,२६२ कोटींना. त्यांतले ६,५०० कोटी सुरुवातीला आणि उरलेले पुढल्या वर्षांत हप्त्यांनी. रस्ता सरकारचाच राहतो. कंपनीच्या ताळेबंदात डांबर-काँक्रीट नसतं, टोलनाक्यावर पैसे घेण्याचा हक्क असतो. त्याला सुरुवात आहे, शेवटची तारीख आहे, किंमत करारात लिहिलेली आहे. वाचकाने फक्त दोन गोष्टी बघायच्या: हक्क वर्षानुवर्षं सारख्या हप्त्यांनी उतरवला (खर्ची टाकला) जातो की वाहतुकीच्या किंवा उत्पन्नाच्या अंदाजावर, आणि दुसरी पद्धत असेल तर मागच्या वर्षाचा अंदाज किती चुकला. अंदाजावर उतरवताना शेवटच्या वर्षांवर मोठा बोजा पडतो, म्हणून सुरुवातीच्या वर्षांचा नफा गोड दिसतो.

औषध कंपन्यांची गोष्ट याच्या अगदी उलट. डॉ. रेड्डीजने २०१६ मध्ये तेवा या कंपनीकडून आठ जेनेरिक औषधांच्या अमेरिकी परवान्याच्या अर्जांचा संच ३५ कोटी डॉलरना घेतला. त्यात एका गर्भनिरोधक रिंगचं जेनेरिक होतं. ते मंजूर होऊन बाजारात येण्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, प्रतिस्पर्ध्याचं उत्पादन आलं. त्या तिमाहीत कंपनीने १,३०० कोटींहून अधिक इम्पेअरमेंट (मालमत्तेचं मोल घटल्यामुळे दाखवायचा तोटा) दाखवली, त्यातला मोठा भाग या एका रिंगचा, आणि तिमाही तोट्यात गेली. मालमत्ता अमूर्त असली की तिचं मोल एका बातमीने जाऊ शकतं. यंत्र निदान भंगारात विकता येतं. कंपनीने तोटा वेळेवर दाखवला हे बरोबरच केलं. पण वाचकाच्या दृष्टीने प्रश्न असा की धोका आधी कळायला हवा होता का? परवान्याच्या प्रतीक्षेतली उत्पादनं टिपेत नावानिशी, त्यांच्या रकमांसह दिली असतील, तर कळू शकतो. नुसतं ‘उत्पादनाशी संबंधित अमूर्त मालमत्ता’ असं एकगठ्ठा लिहिलं असेल तर नाही.

मोटार उद्योगात गाडीच्या विकासाचा खर्च ताळेबंदात जातो. टाटा मोटर्सने डिसेंबर २०१८ च्या तिमाहीत जॅग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेवर ३१० कोटी पौंड, म्हणजे २७,८३८ कोटी रुपयांची इम्पेअरमेंट घेतली. त्यात कारखान्यांबरोबर भांडवलात टाकलेला विकासखर्चही होता. अनेक वर्षांच्या नफ्यातून जो खर्च वगळला होता, तो एका तिमाहीत परत आला.

टिपेचा जो भाग सर्वांत जास्त तोलून वाचावा, तो इम्पेअरमेंट चाचणीचा. ज्या ब्रँडचं आयुष्य ‘अनिश्चित’ ठरवलं आहे त्याला दरवर्षी अमॉर्टायझेशन लागत नाही, गुडविललाही नाही. त्याऐवजी इंड एएस ३६ नुसार दरवर्षी चाचणी. आता गणित बघा. समजा ब्रँडची पुढल्या वर्षाची विक्री १,००० कोटी, तो भाड्याने घ्यावा लागला असता तर रॉयल्टी ५ टक्के, म्हणजे ५० कोटी, कर वजा जाता साडेसदतीस. वसुलीचा दर (पुढे मिळणारे पैसे आजच्या मोलात आणण्याचा दर) ११ टक्के आणि कायमची वाढ ५ टक्के धरली, तर ३७.५ भागिले ०.०६, म्हणजे ६२५ कोटी. वाढ ६ टक्के केली की ७५० कोटी. वाढ ५ ठेवून दर १२ केला की सुमारे ५३६ कोटी. एका टक्क्याच्या फरकाने नव्वद ते सव्वाशे कोटी इकडचे तिकडे. म्हणून कंपनीने वापरलेला दर आणि वाढ जाहीर करणं बंधनकारक आहे, आणि तेवढ्या दोन आकड्यांसाठी हा परिच्छेद वाचायलाच हवा. मागच्या वर्षी वाढ ४ टक्के होती आणि यंदा विक्री घसरलेली असताना ५ झाली, तर कारण शोधा. ‘गृहीतकांत वाजवी बदल झाला तरी तोटा होणार नाही’ हे ठरावीक वाक्य पुरेसं नाही. किती बदलला तर होईल, ते लिहिलेलं असेल तर ती टीप चांगली.

मग लक्स-सर्फचंही असंच मूल्य काढून ताळेबंदात घ्यावं का? अनेकांना हा उपाय सरळ वाटतो. आम्हाला वाटत नाही, आणि त्याला कारण किंगफिशर आहे. विमान कंपनीचा ब्रँड ४ हजार कोटींहून अधिक मोलाचा असल्याचं मूल्यांकन झालं होतं आणि तो बँकांकडे तारण होता. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी ट्रेडमार्क लिलावात काढले तेव्हा राखीव किंमत ३६६.७० कोटी ठेवली. एकही बोली आली नाही. विमानं उडत असताना ब्रँडला जे मोल होतं, ते विमानांसोबत जमिनीवर आलं. अशी रक्कम ताळेबंदात घेऊन तिच्यावर कर्ज उभारू देणं म्हणजे भागधारकाला आणि ठेवीदाराला एकदमच धोक्यात घालणं. इंड एएस ३८ पुनर्मूल्यांकनासाठी सक्रिय बाजाराची अट घालतं आणि ब्रँडना ती लागू होऊ शकत नाही असं स्पष्ट म्हणतं, ते योग्यच आहे.

स्वेच्छेने माहिती देण्याचा मार्ग आपल्याकडे चाचपून झाला आहे. इन्फोसिस एके काळी वार्षिक अहवालात ताळेबंदाबाहेर, पूरक माहिती म्हणून, ब्रँडचं मूल्य आणि मनुष्यबळाचं मूल्य छापत असे. त्या काळी ते धाडस होतं. पण त्यातले मूल्यांचे आकडे पुन्हा गृहीतकांवरच उभे होते. त्यापेक्षा साधं काहीतरी हवं.

छोट्या कंपन्यांसाठी एक इशारा. निव्वळ मूल्य २५० कोटींच्या आत असलेल्या, शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांना सहसा अमूर्त मालमत्तेचं जुनं मानक, एएस २६, लागू असतं. त्यात ‘अनिश्चित आयुष्य’ हा प्रकार नाही. ब्रँड विकत घेतला तर तो उतरवावाच लागतो, आणि आयुष्य दहा वर्षांहून जास्त नसावं असं मानक गृहीत धरतं. कोल्हापूरच्या एका मसाला कंपनीने आणि मुंबईच्या एका सूचिबद्ध कंपनीने सारख्याच किमतीचा ब्रँड घेतला, तर पहिलीचा नफा दरवर्षी कमी दिसेल, दुसरीचा नाही. धंदा विकत घेताना किंवा बँकेपुढे आकडे ठेवताना हा फरक आधी काढून टाका. कराचंही वेगळं आहे. विकत घेतलेल्या ट्रेडमार्क-पेटंटवर २५ टक्के घसारा मिळत आला आहे, पण गुडविलवरचा १ एप्रिल २०२० पासून बंद झाला. म्हणून किमतीची वाटणी करताना गुडविल कमी आणि ब्रँड जास्त दाखवण्याकडे कल असतो. मूल्यांकनाचा अहवाल वाचताना रॉयल्टीचा दर कोणत्या खऱ्या करारांवरून घेतला, ते तपासा. करारांची नावं नसतील तर तो दर उत्तर आधी ठरवून काढलेला असू शकतो.

आंतरराष्ट्रीय मानक मंडळाने एप्रिल २०२४ पासून आयएएस ३८ चा सर्वंकष फेरविचार हाती घेतला आहे. ते मानक १९९८ चं, आणि आपलं इंड एएस ३८ त्याच्यावरच बेतलेलं. या फेरविचारात आमची मागणी मूल्याची नाही, खर्चाच्या फोडीची आहे. टिपेत एक जादा तक्ता असावा. प्रमुख ब्रँडनिहाय जाहिरात-प्रसिद्धीचा खर्च, पाच वर्षांचा. सॉफ्टवेअर आणि उत्पादन विकासाचा खर्च, आहे ते चालू ठेवण्यासाठी किती आणि नवीन उभारण्यासाठी किती. प्रशिक्षणाचा खर्च आणि सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण. ग्राहक मिळवण्यासाठी केलेला खर्च आणि त्या वर्षी आलेल्यांपैकी पुढल्या वर्षी टिकलेले किती. यांतला एकही आकडा अंदाजाचा नाही, सगळ्यांवर ऑडिटरला हात ठेवता येतो. ब्रँडची किंमत प्रत्येक वाचक स्वतःच्या गृहीतकांवर काढेल.

हे आकडे गोळा करायला वेगळी यंत्रणाही लागत नाही. जाहिरातीचं बजेट कंपन्यांत ब्रँडनिहायच मंजूर होतं आणि महिन्याच्या आढाव्याला ब्रँडनिहायच समोर येतं.